बागेचा ठराव

१९८२च्या त्या रविवारी सोसायटीच्या सभेत कोंडाजी गांगुर्डे मागच्या सतरंजीवर बसले होते. त्यांच्या पत्नी विमलाबाई पेठ गावात शिक्षिका होत्या, तिथे एका भाड्याच्या खोलीत राहत. नऊ वर्षं दोघांची गाठ फक्त शनिवार-रविवारी पडत होती. दोन महिन्यांनी निवृत्त झालं, की नाशिकचं घर विकायचं आणि त्या पैशांत पेठला दोन खोल्या बांधायच्या, असं कोंडाजींनी ठरवलं होतं. घराला भाव चांगला यावा म्हणून सोसायटीने बाग करावी, असा अर्ज त्यांनीच दिला होता. विकण्याचं मात्र विमलाबाईंशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

अध्यक्ष खंडेराव म्हणाले, "बागेला बँक कर्ज देतेय. अट एकच. कर्ज सात वर्षांत फेडायचं, आणि ते फिटेपर्यंत कोणालाही घर विकता येणार नाही."

कोंडाजी ताडकन उठले. "माझा विरोध आहे! कर्ज काढून कसली बाग?"

"अहो भाऊ, अर्ज तुमचाच ना?" शेजारच्या लताबाई म्हणाल्या. "का हो, घर विकून पळताय की काय?"

सगळे खो खो हसले. आता खरं सांगणं म्हणजे आपल्या फायद्यासाठी शेजाऱ्यांना कामाला लावलं, हे कबूल करणं होतं. कोंडाजीही हसले. "छे हो, गंमत केली."

"मग उभे आहातच, तर अनुमोदन तुमचंच लिहितो," खंडेराव म्हणाले.

भराभर हात वर झाले. कोंडाजींनीही केला. बायकांमध्ये बसलेल्या विमलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शेजारची पिशवी उचलली. पेठची एसटी चारला सुटत होती.