पाण्याच्या ग्लासातला धूर

आपल्या सुनेला अमेरिकेत थुंकायचा पगार मिळतो, हे शोभनाताईंनी नागपूरच्या बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं ते दोनदा परत म्हणायला लावलं.

"अवं, वाइन तोंडात घ्यायची, खुळखुळवायची आन् बादलीत थुंकून द्यायची," शोभनाताईंनी खुलासा केला. "पीत नाही ते. मी विचारलं ना स्वतः."

विचारलं होतं खरंच. फ्रीमाँटच्या घरी पोचल्या त्याच संध्याकाळी, बॅगांची कुलपं उघडायच्या आधी. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलेल्या, दर रविवारी विहारात जाऊन पंचशील म्हणणाऱ्या शोभनाताई. सुनेनं, उपासनानं, सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "पाचवं शील पिण्याबद्दल आहे, हुंगण्याबद्दल नाही." लगेच दुसरा प्रश्न, "बाळीच्या अंघोळीचं पाणी कशात तापवता तुम्ही?"

उपासनाचा जीव भांड्यात पडला. नागपुरात फूड टेक्नॉलॉजी शिकलेली ही मुलगी नवऱ्याच्या, धर्मराजच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून इथं आली. काम करायची परवानगी हातात आली तेव्हा पोटात केया होती. केया सहा महिन्यांची झाल्यावर लिव्हरमोरच्या टेकड्यांतल्या एका छोट्या वायनरीत शनिवार-रविवारचं काम मिळालं. काउंटरमागं उभं राहून पाहुण्यांच्या ग्लासात दोन-दोन घोट ओतायचे, हसायचं आणि "ओह, आय लव्ह धिस!" ऐकायचं. पण ओतता ओतता, चाखून थुंकता थुंकता तिला त्या लाल वाइन्सचा नादच लागला. झिनफँडेल म्हणजे जांभळं आणि वर मिरपूड. कॅबर्ने म्हणजे घट्ट, जरा शिष्ट, पहिल्या भेटीत न बोलणारी. आणि पेटीट सिरा! काळीशार, तोंड सुकवणारी, कच्चं जांभूळ बियांसकट चावल्यासारखी. तीच तिची लाडकी.

तिला काउंटरवर राहायचं नव्हतं. तिला आत जायचं होतं, स्टीलच्या टाक्यांमागच्या त्या लांब टेबलाशी. तिथं वाइनमेकर ग्रेटा कुठल्या पिंपातलं किती कशात मिसळायचं ते ठरवायची. ग्रेटाची असिस्टंट ओरेगॉनला निघून गेली आणि उपासनानं धीर करून विचारलं. ग्रेटा मोजकं बोलणारी बाई. म्हणाली, "गुरुवारी सकाळी ये. तुझं नाक बघू, मग नोकरीचं बोलू. सेंट नाही, क्रीम नाही, कॉफी नाही. त्या टेबलाशी वाइनचा वास आला पाहिजे, दुसऱ्या कशाचाही नाही. हा पहिला नियम."

झालं. बुधवारपासून घरात फोडणी बंद. बिनवासाचा साबण, डोक्याला तेल नाही, सकाळचा चहासुद्धा नाही. धर्मराज वाडग्यात कॉर्नफ्लेक्स ढवळत कुरकुरला, "तुझ्या नाकापायी आमचं पोट उपाशी."

"मंग जेव ना ऑफिसात," शोभनाताई म्हणाल्या. "सून परीक्षेला बसून राहिली आन् याला पोह्याची पडली."

केयाला आठवडाभर सर्दी होती, आणि तिच्यावर उपाय शोभनाताईंनी आल्याआल्या सुरू केला होता. धुरी. पहिल्या दिवशी त्यांनी ती घरात दिली, तर छतावरचा अलार्म असा काही किंचाळला, की शेजारचे काका अंघोळीच्या झग्यात रस्त्यावर आले. तेव्हापासून मागच्या अंगणात. बार्बेक्यूचा कोळसा लोखंडी तव्यात फुलवायचा, वर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. केया एकटी बसायची नाही, म्हणून उपासना खुर्चीत बसून तिला मांडीवर घ्यायची आणि शोभनाताई दोघींवर चादर धरायच्या. केयाचं चोंदलेलं नाक मोकळं व्हायचं, ती सुस्कारा टाकून आईच्या गळ्यात पेंगायची.

त्या गुरुवारीही तसंच झालं. चादरीखाली लेकीच्या मऊ टाळूवर ओठ टेकवून उपासना उठली, तिला आजीकडं दिलं आणि थेट गाडीत बसली. धुरीला ती वास मानतच नव्हती. ती घरातली हवा होती.

टेबलावर ग्लास ओळीनं मांडलेले. ग्रेटा एका टोकाला, मधे उपासना, पलीकडं रुबेन. रुबेन म्हणजे तळघरातली पिंपं सांभाळणारा, पोटावर पट्टा घट्ट न बसणारा हसरा माणूस. सुरुवात पेटीट सिरानं. ही द्राक्षं वरच्या उतारावरची. ऑगस्टमध्ये पलीकडच्या डोंगराला वणवा लागला होता, तेव्हा ग्रेटाची झोप उडाली होती. धूर द्राक्षांत मुरला, की वाइनला राखेची चव येते. लॅबनं वाइन साफ असल्याचं सांगितलं होतं, पण हे दुखणं कधी कधी महिन्यांनी वर येतं.

ग्रेटानं ग्लास नाकाशी नेला आणि तिचा चेहरा उतरला.

"रुबेन?"

रुबेननं हुंगलं. "धूर," तो हळूच म्हणाला.

"राख. विझलेली चूल." ग्रेटा उपासनाकडं वळली. "तू?"

उपासनानं नाक ग्लासात बुडवलं. जांभूळ. मिरी. थोडं कोको. पुन्हा हुंगलं, घोट घेतला, खुळखुळवला, थुंकली. धुराचा मागमूस नाही. 'हो, आहे जरासा' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण जी गोष्ट नाकाला येत नाही, ती तोंडानं कशी सांगायची?

"मला येत नाही धूर," ती म्हणाली.

रुबेननं दयेनं मान हलवली. "काहींना नाहीच येत. जन्मतःच."

"तसं नाक मला या टेबलाशी चालणार नाही," ग्रेटा म्हणाली. रागानं नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढचा ग्लास कॅबर्नेचा. दरीच्या दुसऱ्या टोकाच्या मळ्यातली, जिथं वणव्याचा वाराही गेला नव्हता. ग्रेटानं हुंगलं आणि ग्लास आपटला. "यातही! सगळ्या तळघराला लागलंय की काय?" तिनं खिशातून फोन काढला. "मालकाला सांगते. यंदा आपली सर्वांत उंची, रिझर्व्ह बाटली नाही. सगळं टँकरवाल्याला घाऊक भावात देऊन टाकू."

उपासनाच्या डोक्यात कॉलेजची प्रयोगशाळा जागी झाली. प्रत्येक नमुन्यात एकच दोष आला, की आधी कोरा, काहीच न मिसळलेला नमुना तपासायचा. तिनं आपला पाण्याचा ग्लास ग्रेटापुढं सरकवला. "हे हुंगून बघ."

"हे पाणी आहे."

"बघ तर."

ग्रेटानं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. "पाण्यात धूर?"

पाण्याला कुठं वणवा लागतो! त्याच क्षणी उपासनाला चादर आठवली. कोळसा आठवला. ओवा, वावडिंग, लसणाची सालं. तिनं चोरून आपली बाही नाकाशी नेली. तिला काहीच आलं नाही, आठवडाभराच्या सवयीनं येणारही नव्हतं. पण रुबेन कधीचा तिच्याकडं तिरका होऊन नाक फुरफुरवत होता.

बाथरूमला जायचं निमित्त करावं, केस धुवावेत, परत येऊन भोळा चेहरा करावा, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात ग्रेटानं मालकाचा नंबर लावला आणि फोनमधून पलीकडची रिंग ऐकू आली.

"फोन ठेव, ग्रेटा," ती म्हणाली. "धूर वाइनला नाही. मला आहे."

मग तिनं सांगितलं. जेवढं सांगता येईल तेवढं.

"तुम्ही बाळाला स्मोक करता?" ग्रेटानं विचारलं.

"धुरावर भाजतात त्या ब्रिस्केटच्या मांसासारखं?" रुबेन.

"ब्रिस्केटसारखं नाही! कोळशावर नाही धरत, बाजूला बसतो. सर्दीवर उपाय आहे, सासूबाई करतात."

"माझी आजी सर्दी झाली की अंगावरून अंडं फिरवायची," रुबेन म्हणाला. "कच्चं. आणि आम्ही बरेही व्हायचो."

ग्रेटा हसली नाही. तिनं दोन्ही ग्लास उचलले, तरातरा बाहेर मळ्यापाशी जाऊन हुंगले आणि परत आली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसत होतं, कपाळावरची आठी मात्र तशीच.

"वाइन ठीक आहे," ती म्हणाली. "पहिला नियम काय होता?"

"वाइनचा वास. दुसऱ्या कशाचाही नाही," उपासना पुटपुटली.

"मंगळवारी ये. शेवटची संधी. धूर घेऊन आलीस तर काउंटर तुझा, कायमचा."

घरी आल्यावर तिनं हे हसत हसत सांगायचं ठरवलं होतं. पण शोभनाताई हसल्या नाहीत. केयाच्या दुपट्यांच्या घड्या करत बसल्या. "जन्मभर पोरांना शिकवलं, धुराचे कण कपड्यात बसतात म्हणून," त्या म्हणाल्या. "आन् सुनेलाच धुरात बसवलं. बंद करते उद्यापासून."

"अजिबात नाही, आई. केया झोपते त्यानं. मी निघून गेले की द्या."

"मंग माझं ऐकावं लागेल."

आणि शोभनाताईंनी बोर्डाच्या परीक्षेसारखा बंदोबस्त लावला. उपासनाचे मंगळवारचे कपडे धुऊन धर्मराजच्या गाडीत बंद. सोमवारी दोनदा केस धुणं. झोपायला हॉलमधला सोफा, आणि केयाला हात लावायचा नाही. शेवटचं कलम ऐकून धर्मराज म्हणाला, "आई, ती वायनरीत चाललीये, स्पेसमध्ये नाही." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

सगळं जमलं. फक्त मंगळवारी सकाळी दारात, आजीच्या कडेवरून केयानं दोन्ही हात पुढं केले. बोटं उघडली, मिटली. 'घे.' उपासनानं हात पाठीमागं बांधले. केयाचा खालचा ओठ थरथरायला लागला, आणि आईचाही.

"रडू नको!" शोभनाताई दरडावल्या. "नाक चोंदेल!"

सहाशे ऐंशी नंबरच्या फ्रीवेवर चढेपर्यंत उपासना डोळे मोठे करून, तोंडानं श्वास घेत, नाक जपत गाडी चालवत राहिली. नाकासाठी रडू आवरायची ही तिची आयुष्यातली पहिलीच वेळ.

टेबलाशी रुबेननं आधी तिच्याभोवती एक गंभीर फेरी मारली. "पास," तो म्हणाला. ग्रेटानं ग्लास पुढं केले. या वेळी उपासना कुणाकडं न बघता बोलत गेली. हे पिंप नवं आहे, लाकूड पुढं पुढं करतंय. हे दमलंय. या कॅबर्नेला सुरुवात आहे, शेवट आहे, मधे पोकळी आहे.

"पोकळी कशानं भरशील?"

"पेटीट सिरानं. वीस टक्के."

"वीस?" ग्रेटाच्या भुवया वर. "लोकांचे दात काळे करायचेत?"

"मधे जीव येईल तिच्या."

"दहा."

"दहानं तिला कळणारसुद्धा नाही, कुणी भेटायला आलं होतं म्हणून. पंधरा."

"बारा," ग्रेटा म्हणाली, "आणि एक थेंब जास्त नाही." तिनं मापाची काचनळी उपासनाच्या हातात दिली आणि पुढच्या पिंपाकडं चालू लागली.

उपासना नळी धरून तशीच उभी. "रुबेन, म्हणजे काय झालं? मी पास की नापास?"

"काउंटरवरच्या लोकांशी ती गोड बोलते," रुबेन कुजबुजला. "भांडते फक्त आमच्याशी, आतल्यांशी. आता बारा मोज, नाहीतर माझ्यावर ओरडेल."

उपासनानं नळी डोळ्यांसमोर धरली आणि काळीशार पेटीट सिरा बाराच्या रेघेपर्यंत चढू दिली. मग ग्रेटाची पाठ वळलेली बघून, अगदी किंचित वर.