तापू हातांचा घास

आलिसीने कोनफळाचा घास केलेपीच्या तोंडात कोंबला आणि मान फिरवली. मान फिरवली तरी कान उघडेच होते. मचमच, मचमच. हा माणूस लग्नाआधीपासून असाच जेवत असणार, पण तेव्हा निदान स्वतःच्या ताटात मान घालून जेवायचा. आता तिला समोर बसून सगळं बघावं लागत होतं. नारळाचं दूध हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळायचं आणि ते पुसायचंही तिनेच.

"मांसाचा तुकडा दे ना. नुसतं कोनफळ काय कोंबतेस?"

"आधी तोंडातलं गिळा."

गावचा सरदार वारला तेव्हा त्याला न्हाऊ घालण्याचं, तेल लावण्याचं काम केलेपीकडे आलं. पिढ्यान्‌पिढ्या ते त्याच्या घराण्याचंच. सरदाराच्या प्रेताला दुसरं कुणी शिवत नाही. पण जे हात त्या अंगाला लागले ते तापू होतात. सुतक उतरवेपर्यंत त्या हातांनी अन्नाला शिवायचं नाही. शिवलं तर पोट फुगतं, घसा सडतो, माणूस मरतो. म्हणून दुसऱ्याने भरवायचं. केलेपीच्या घरात वर आणखी एक नियम होता, की पहिला घास ज्याने दिला त्यानेच शेवटचा द्यायचा. मध्ये हात बदलला तरी मरण. पहिला घास आलिसीने दिला होता, आणि चारचौघी बघत होत्या म्हणून जरा तोऱ्यातच दिला होता.

तो तोरा लवकरच ओसरला. केलेपी दिवसभर चटईवर लोळायचा. तहान लागली की आलिसी, दातात काही अडकलं की आलिसी. एकदा नाकावर माशी बसली म्हणून त्याने तिला मळ्यातून हाक मारून बोलावलं. माशी हाकलायला तापू कुठे आड येत होतं? पण एकदा चटक लागली की लागली.

आलिसीच्या बहिणीची मुलगी लोसे शिकायला त्यांच्याकडेच राहायची. कॉलेजात तिने धर्मांचा अभ्यास हा विषय घेतला होता. काकांचं जेवण उरकलं की ती मावशीजवळ येऊन बसायची.

"मावशी, आमच्या पहिल्याच धड्यात आपलं तापू आहे. सर म्हणाले, पवित्र म्हणजे नुसतं चांगलं आणि स्वच्छ असं नसतं. ज्याच्यापुढे माणूस वाकतो ते तापू, आणि ज्याची शिसारी येते तेही तापूच. दोन्हींपासून लांब राहायचं."

"लांब?" आलिसीने खरकटं फडकं पिळलं. "मग तुझ्या सरांना सांग, या, आणि ह्यांना दोन घास भरवून बघा."

"आणि दुसरा शब्द आहे 'माना'. थोर माणसाच्या अंगात जी शक्ती असते ना, ती."

"ती तुझ्या काकांच्या जिभेत उतरलीय."

लोसे खुदकन हसली. आत केलेपीने ढेकर दिली आणि पाणी मागितलं.

त्याच आठवड्यात हाआपाई बेटावरून भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती. कुणाच्याच हातचं खात नव्हती, सारखं आलिसीचं नाव घेत होती. बोट दुसऱ्या दिवशी होती.

"जा ना," केलेपी म्हणाला. "मी कुठे अडवतोय? फक्त येताना मला पुरायच्या तयारीने ये."

"लोसे भरवेल."

"हात बदलायचा?" त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "माझ्या आज्याचा भाऊ कसा गेला माहीत आहे ना? घशातून किडे पडले त्याच्या. तुला तेच बघायचं असेल तर जा."

आलिसीने गाठोडं बांधलं होतं ते सोडलं. नवरा कसाही असला तरी त्याचा जीव आपल्या माथी नको, आणि तापू म्हणजे काही पोरखेळ नव्हे. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती. बोट गेली. संध्याकाळी तिने अळूच्या पानांत बांधून भाजलेलं बीफ त्याला भरवलं, आणि त्याचे तेलकट ओठ बोटांना लागले तेव्हा पहिल्यांदा तिला शिसारी आली. आई तिकडे उपाशी, आणि इथे हे.

पुढच्या बोटीच्या दिवशी सकाळीच पुन्हा फोन वाजला. आई आता नुसत्या पाण्यावर होती. आलिसी अळू काढायला मळ्यात निघाली, पण सुरी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतली. चुलीच्या खोपटामागे केलेपी उकिडवा बसला होता. मांडीत बीफचा डबा. त्याची बोटं तळापर्यंत गेली होती. ती बाहेर काढून त्याने एकेक चोखलं, अंगठा सगळ्यांत शेवटी.

आलिसी जागच्या जागी थिजली. आधी तिला वाटलं, आता हा मरणार. मग वाटलं, मेला तर बरं. मग त्याने मनगटावरची चरबी चाटली, आणि तिला कळलं की ह्याला काही म्हणजे काही होणार नाही.

"कधीपासून?"

"अगं, दुसऱ्याच दिवसापासून. तुझा हात पडला आखडता. पोट कसं भरणार?" तो ओशाळलाही नाही. "एवढी दचकू नकोस. सगळेच खातात. माझा बापही खायचा. लोकांपुढे तेवढं पाळायचं."

"आणि किडे?"

"ते तुम्हा लोकांसाठी असतं."

"माझी आई तिकडे उपाशी आहे."

"म्हातारपणी भूक कमीच असते."

ज्या हातांनी मेलेल्या सरदाराच्या काखा धुतल्या, तेच हात हा चोखत होता. आणि ह्याच तोंडाशी तिने रोज घास नेला, जीव मुठीत धरून, देवाचं काम समजून. त्याची किळस आलीच, पण आपण इतके दिवस कशाला भ्यालो याची जास्त आली. तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, सुतकात बाहेर पडताना नेसायची चटई कमरेला गुंडाळली आणि लोसेला हाक मारली.

"दुपारी माणसं येणार आहेत," केलेपी मागून ओरडला. "त्यांच्यासमोर मला भरवणार कोण?"

"तुझ्या बापाला बोलाव. त्याला सगळं माहीत आहे."

बोटीवर लोसेने पाव पुढे केला. आलिसीला तो तोंडाशी नेववेना. बोटांना अजून ओठ लागल्यासारखे वाटत होते. ती नळाखाली हात धरायची, हुंगायची, पुन्हा धरायची. लोसेने पाव परत पिशवीत ठेवला.

दुसऱ्या सकाळी आलिसी भावाच्या घरी पोचली. आई होती. एवढीशी झाली होती, पण होती. बायका बाजूला सरकल्या, भावजयीने पेजेची वाटी हातात दिली. "तुझ्याच वाटेकडे डोळे होते हो," ती म्हणाली. आईने आलिसीला ओळखलं. तिचा सगळा चेहरा हलला. मग तिने पोरासारखं तोंड उघडलं.

दात नसलेलं, ओलं तोंड. वरच्या ओठापासून खालच्या ओठापर्यंत लाळेचा एक धागा. आलिसीने चमचा उचलला आणि तो तोंडापाशी नेला, तेवढ्यात केलेपीचे तेलकट ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. तिची मान आपोआप फिरली.

क्षणभरच. तिने लगेच वळून हसायचा प्रयत्न केला. पण म्हातारीची नजर शाबूत होती. लेकीच्या तोंडावर जे उमटलं ते तिने बघितलं होतं. तिने हळूच तोंड मिटलं.

"आई, उघड ना गं. ते तुझ्यामुळे नव्हतं. आई, खरंच नव्हतं."

"राहू दे, बाळ," आई म्हणाली. "घाण वाटते, मला माहीत आहे."

आणि तिने आपल्या काडीसारख्या हाताने चमचा बाजूला सारला.