बेंबीवरची शेवटची खूण

मी फणी बोलतेय. केसांची नव्हे हं, कातडीची! सामोआ बेटांवरच्या एका रानडुकराच्या सुळ्यातून माझे दात निघाले. म्हाताऱ्या लेफाओ कारागिरानं ते घासून घासून धारदार केले आणि मला लांब दांडी लावली. काजळीच्या शाईत बुडायचं, वरून दांडक्याचा ठोका खायचा आणि टोक टोक करत माणसांच्या अंगावर नक्षी उठवायची, हा माझा संसार.

माणसं मोठी मजेशीर. येतात छाती काढून. चटईवर आडवी झाली की प्रत्येकाला आई आठवते.

सेमिसी तर स्वतःच्या लग्नातच सांगत सुटला होता, "कंबरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवणार! हूं की चूं करणार नाही." इथं गोंदवायला एकटं कुणी बसत नाही. जोडीदार लागतो, दुखणं वाटून घ्यायला. याचा जोडीदार मित्र पहिल्याच दुपारी मागच्या वाटेनं पसार झाला. सेमिसीची पाठ तेवढी झाली होती. तोही उठला.

"जोडीदाराशिवाय? छे छे, रीतच नाही!" म्हणाला, आणि कोऱ्या मांड्या घेऊन अळूच्या मळ्यात गेला.

अर्धवट गोंदण म्हणजे जन्माची नाचक्की. त्याच्या आईनं कपाळाला हात लावला. "आता लोक त्याला अर्धवट म्हणतील, आणि मला अर्धवटाची आई!"

शेजारी त्याची नवी बायको फिलेमू पंखा घेऊन बसली होती. लग्न झाल्यापासून तिचा आवाज घरात फारसा कुणी ऐकला नव्हता. तिनं पंखा सासूच्या हातात दिला आणि सरळ चटईवर आडवी झाली.

"लेफाओबाबा, बायकांचं गोंदण मांड्यांवरच असतं ना? करा सुरू. त्याची जोडीदार मी."

"अगं, त्याला विचारलंस का?" सासू म्हणाली.

"जाताना त्यानं कुठं मला विचारलं?"

लेफाओनं हसू दाबलं आणि मला शाईत बुडवलं. टोक टोक टोक. ती किती थरथरत होती ते फक्त मला कळत होतं. तोंडातून मात्र आवाज नाही.

मळ्यात टोक टोक पोचलं असणार. थोड्या वेळानं सेमिसी खांबाआडून डोकावला.

"आता कोण बसलंय? ... फिलेमू, तू? दुखतंय का गं?"

"मला काय विचारतोस? पाठ तुझीच गोंदलीय ना?"

"आणि तू हूं की चूं..."

"ते तू म्हणाला होतास. मी करून बघतेय."

सासू पंखा तोंडावर धरून हसली. सेमिसी गुपचूप बायकोचा हात धरून बसला.

मग त्याची पाळी आली. त्यानं हूंही केलं, चूंही केलं, आईच्या नावानं गाव गोळा केलं. पण उठला नाही. रोज फिलेमू उशाशी बसायची. अखेर बेंबीवर शेवटची खूण उमटली आणि काम पुरं झालं. रीतीप्रमाणे दोघांच्या डोक्यांवर अंडी फोडली, अंगाला खोबरेल तेल चोपडलं. सासूनं गावभर मिरवलं ते मात्र सुनेला!

आता माझे दोन दात पडलेत. लेफाओच्या डब्यात मी आडवी असते, आणि माझ्या जागी चकचकीत पोलादी फणी आलीय. पोलादी पोरी, तुला एवढंच सांगते. छाती काढून येणाऱ्यांना खुशाल गोंद. पण आधी पंखा घेऊन गप्प बसलेल्या बाईकडे एकदा बघून घे. काम पुरं होणार की नाही, ते तिथं कळतं.