हात छातीवर

पक्कादादांनी आयुष्यात एकही काम दुसऱ्यांदा हातात घेतलं नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. गेट असो, जिना असो, की शाळेच्या छपराचा सांगाडा, वेल्डिंगचा शेवटचा टाका पडला की ते तोंडावरची काळी काच कपाळावर सारत आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत, "पक्कं!" नाव पडलं ते त्यावरूनच. खरं नाव फक्त बायकोला आणि रेशनच्या कार्डाला माहीत होतं, आणि बायकोही ते घेत नसे.

बायकोने तरुणपणीच बाप्तिस्मा घेतला होता. दादा तीस वर्षं दर रविवारी तिच्याबरोबर उपासनेला येत, शेवटच्या बाकावर बसत, गाणी खणखणीत म्हणत, पण बाप्तिस्म्याचा विषय निघाला की म्हणत, "आधी स्वतःला सरळ करतो, मग येतो. वाकडा गज कोणी चौकटीत बसवतं का?" आणि खरोखरच त्यांनी स्वतःला ठोकून सरळ करायला घेतलं होतं. दारू सोडली. शिव्या सोडल्या, म्हणजे बोटावर हातोडा बसला तर सोडून बाकीच्या. शेवटी राहिला होता धाकटा भाऊ. त्याच्याशी अकरा वर्षं अबोला होता. गेल्या महिन्यात दादा त्याच्या दारात जाऊन उभे राहिले, दोघं रडले, चहा झाला. करायचं असं यादीत काही उरलं नाही.

त्याच आठवड्यात ते चर्चच्या पाळकांकडे गेले. "पाळकसाहेब, मी तयार आहे. पुढच्या रविवारी माझं उरकून टाका." तयार झालेला माल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा सूर होता तो.

पाळक एकोणतीस वर्षांचे आणि इतके किडकिडीत, की वारा सुटला तर आधी खिडकी लावून घ्यावी. त्यांना आनंद झाला. पण प्रत्येक बाप्तिस्म्याआधी ते विचारत तो प्रश्न त्यांनी विचारलाच. "दादा, तुमचा भरवसा कशावर?"

"कशावर म्हणजे? मी काय काय केलं ते सांगतो." दादांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दारू, शिव्या, भाऊ. शिवाय मंडळीच्या सभागृहाच्या खिडक्यांचे गज, आणि मुख्य म्हणजे बाप्तिस्म्याची टाकी. ती त्यांनीच बनवली होती. जाड स्टेनलेस पत्रा, आठ फूट लांब, दोन्ही बाजूंनी उतरायला पायऱ्या. प्रत्येक सांध्याला बाहेरून खडू फासून, आतून रॉकेल लावून, रॉकेल कुठे झिरपतंय का ते त्यांनी जातीने पाहिलं होतं. खडूवर एक डाग उठला नव्हता.

"हे सगळं चांगलंच आहे," पाळक म्हणाले. "पण तारण, म्हणजे पापातून सुटका, याच्या बदल्यात नाही मिळत. ते कृपेने मिळतं. विश्वास ठेवून घ्यायचं, एवढंच."

"म्हणजे दे रे हरी खाटल्यावरी!"

पाळकांना हसू फुटलं. "येशूशेजारच्या क्रुसावरच्या चोराने कुठे काय केलं होतं? शेवटच्या घटकेला नुसता भरवसा टाकला."

"त्याचे हात खिळलेले होते, साहेब," दादा म्हणाले. "माझे मोकळे आहेत."

पाळकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दादांना वाटलं, जिंकलो. ते शीळ घालत घरी गेले.

शनिवारी दुपारी रंगीत तालीम होती. या मंडळीची पद्धत अशी, की उमेदवाराने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, आणि पाळक एक हात पाठीला लावून त्याला मागे झोपवत पूर्ण पाण्याखाली नेणार आणि वर काढणार. हात छातीवरून हलवायचे नाहीत. शिंपडून वगैरे भागवायचं नाही. या वेळी उमेदवार दोनच होते: दादा, आणि बेकरीवाल्या मावशी. मावशी चांगल्या ऐसपैस, जिन्यावर एक पायरी चढल्या की दुसरीला वाट पाहायला लावणाऱ्या. तालमीला त्या आल्या नाहीत, भट्टी चालू होती.

दादा पाण्यात उतरले. पाळकांनी पाठीला हात लावला. दादा मागे झुकले, झुकले, आणि त्यांचा उजवा पाय आपोआप मागे सरकून घट्ट रोवला गेला.

"पाय नका रोवू, दादा."

"मी नाही रोवला. तो रोवला गेला."

दुसऱ्या खेपेला ते झुकण्याऐवजी खालीच बसले, गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. तिसऱ्या खेपेला मात्र ते जरा जास्तच आत्मविश्वासाने मागे गेले. पाळक खूश होऊन त्यांना खाली नेणार, एवढ्यात दादांचा डावा हात छातीवरून सुटला आणि पाण्याखाली कशाला तरी जाऊन चिकटला. त्या झटक्यात त्यांचं कोपर पाळकांच्या नाकाला लागलं, चष्मा टाकीच्या तळाशी गेला.

पाळकांनी चष्मा चाचपडत शोधला, डोळ्यांवर चढवला आणि पाण्यात वाकून पाहिलं. टाकीच्या आतल्या भिंतीला, पाण्याखाली वीतभर, नवाकोरा स्टीलचा कठडा चार बोल्टांनी बसवलेला होता.

"हा कधी आला?"

"आज सकाळी. पाणी भरायच्या आधी." दादा दुसरीकडे बघत म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांची सोय. मावशींना लागेल."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका, दादा."

दादांनी कठड्यावरचा हात काढला. मग एकदम म्हणाले, "साहेब, माझं वजन ब्याण्णव किलो. तुमचं किती?"

आता कुठे खरं काय ते बाहेर आलं. पाळक हसले नाहीत. त्यांनी ओला हात दादांच्या खांद्यावर ठेवला. "उद्या कठडा असो नसो, हात छातीवर राहिले तर बाप्तिस्मा होईल. नाही राहिले तर थांबू. महिना थांबू, वर्ष थांबू. जो पडायला तयार नाही त्याला मी पाडणार नाही."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी दादांचं काम नापास केलं होतं. घरी जाताना त्यांनी रस्त्यात कोणाच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, की टाकीचा तळ बुळबुळीत आहे.

"टाकी कोणी बनवली?" बायकोने विचारलं.

"मी."

"मग नाचता येईना, अंगण वाकडं कशाला म्हणता?" तिने त्यांच्या ताटात वाढलं. "घाबरलायत तुम्ही. सरळ सांगा ना."

दादांनी घास हातातच धरला. भीती वाटते हा शब्द त्यांनी कधी स्वतःबद्दल वापरला नव्हता. पन्नास फूट उंचीवर एका पाइपवर बसून वेल्डिंग करणारा माणूस. पण तिथे पाइप त्यांनी स्वतः बसवलेला असे. "तिथे धरायला काहीच नाही गं," ते हळूच म्हणाले. "जन्मभर मी जे जे मिळवलं ते या हातांनी. आता पाळक सांगतात, हात बाजूला ठेवा. मग माझ्याकडे राहिलं काय?"

"काही नाही राहिलं."

"बघ!"

"अहो, तसंच तर जायचंय." ती समोर बसली. "मला सांगा, आपलं लग्न ठरलं तेव्हा तुमच्याकडे काय होतं? धड काम नाही, शर्टाला बटण नाही. मी हो म्हटलं. तुम्ही गेटं केली, जिने केले, माझ्यासाठी हे घर केलं, ते सगळं नंतर. मी हो म्हणावं म्हणून नाही केलंत. मी हो म्हटलं होतं म्हणून केलंत."

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. "पण तू हो का म्हटलंस?"

"ते मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "जेवा आता."

रविवारी सकाळी मंडळी जमायच्या तासभर आधी दोघं टाकीपाशी होती. दादा पाण्यात, बायको उपासनेचे चांगले कपडे घालून बाहेर, हातात पाना. कठडा काढायचा हा निर्णय दादांचा. त्यांना आपला डावा हात चांगला माहीत होता. कठडा असला तर तो जाणारच. पण घाईघाईत मारलेले बोल्ट पत्र्याच्या आरपार गेले होते. एक बोल्ट काढला की तिथून पाण्याची धार, आणि धार लागली की आतून रबरी वायसर घातलेला आखूड बोल्ट कोंबायचा, बाहेरून बायकोने नट आवळायचा. "उजवीकडे फिरव! उजवीकडे!" "हेच उजवीकडे आहे!" "तुझं नाही, माझं उजवीकडे!" तीन भोकं बंद झाली. चौथ्याला वायसर नव्हता. दादांनी तीनच आणले होते. या गृहस्थाने आयुष्यात प्रथमच मोजण्यात चूक केली होती.

चौथा बोल्ट तसाच आवळला. त्याच्या कडेने पाणी पाझरायला लागलं आणि फरशीवर थेंब पडू लागले.

"घरी जाऊन आणतो," दादा म्हणाले. पण दरवाज्यातून माणसं आत येत होती.

उपासना झाली. गाणं झालं. दादा पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरले, आणि सगळं सभागृह शांत झाल्यावर त्यांना तो आवाज स्पष्ट ऐकू आला. टप. टप. बायको पहिल्या रांगेत टॉवेल घेऊन बसली होती. तिच्या पायापाशी ओघळ पोचला होता. तिच्या मागच्या बाकावरच्या दोन बायका ओघळाकडे बघत कुजबुजत होत्या. दादांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांचं काम गळत होतं, आणि तेही अख्ख्या मंडळीसमोर.

"गळतंय," ते पाळकांच्या कानात म्हणाले. "मला दोन मिनिटं द्या. कापडाची चिंधी लावली तरी..."

"गळू द्या," पाळक म्हणाले.

"लोक बघतायत."

"बघू द्या. दादा, तुमचा भरवसा कशावर?"

दादांनी तोंड उघडलं. यादी जिभेवर होती, पाठ होती: दारू, शिव्या, भाऊ, खिडक्यांचे गज. टाकी. तेवढ्यात आणखी एक थेंब पडला आणि दादांना एकदम लख्ख दिसलं, की यादीतल्या प्रत्येक गोष्टीला कुठे ना कुठे असंच एक भोक आहे. दारू सोडली, पण सोडल्याचा तोरा सोडला नाही. भावाच्या दारात गेले, पण अकरा वर्षं उशिरा. याच्या भरवशावर उभं राहायचं म्हटलं तर रात्रंदिवस चिंध्या लावत बसावं लागेल. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं.

"माझ्यावर नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "येशूवर. दुसरं काही नाही माझ्याकडे."

त्यांनी हात छातीवर ठेवले. पाळकांचा तळवा पाठीला लागला, एवढासा, थंड. दादा मागे झुकले. पाय रोवला जायला निघाला, आणि त्यांनी त्याला जाऊ दिलं नाही. म्हणजे खरं तर त्यांनी काहीच केलं नाही, नुसते गेले. छप्पर डोळ्यांसमोरून सरकलं, पाणी कानांवर मिटलं, आणि ब्याण्णव किलोचा तो माणूस एका काडीपैलवानाच्या हातावर पिसासारखा आडवा झाला. मग उजेड, हवा, गाण्याचा आवाज. हात छातीवरच होते. दादा लहान मुलासारखे हसत होते आणि रडतही होते. त्यातलं काहीच लपवायचं त्यांना सुचलं नाही.

बायकोने पलीकडच्या पायऱ्यांपाशी टॉवेल पसरला. दादा दोन पायऱ्या चढले आणि सवयीने मागे वळून पाहिलं. अलीकडच्या पायऱ्यांवर बेकरीवाल्या मावशी उभ्या होत्या. पांढऱ्या कपड्यांत त्या आणखीच ऐसपैस दिसत होत्या, आणि पाण्याकडे अशा बघत होत्या जणू ते उकळतंय. पाळक आपले दंड चोळत होते. एक दादा झेलून झाले होते बिचाऱ्यांचे.

दादा पुन्हा पाण्यात उतरले.

"अहो, टॉवेल!" बायको म्हणाली.

"थांब जरा." त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि यात आपण काही मिळवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. मावशी घाबरल्या होत्या आणि पाण्यात आणखी दोन हात लागणार होते, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी मावशींना हात धरून खाली घेतलं आणि पाळकांच्या शेजारी, पाठीमागे पाय घट्ट रोवून उभे राहिले. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली.

"मी जड आहे हो," मावशी कुजबुजल्या.

"मीही होतो."

मावशींनी पाळकांच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, हात छातीवर ठेवले, आणि ऐन वेळी मान वळवून दादांना विचारलं, "आणि आता मी काय करायचं?"

चाळीस वर्षं दादांच्या हाताखालच्या प्रत्येक माणसाने हाच प्रश्न विचारला होता, आणि हे धर, ते ठोक, ते वाकव असं काहीतरी प्रत्येकाला सांगायला त्यांच्याजवळ असे.

"आत्ता काही नाही, मावशी," दादांनी त्यांच्या पाठीला हात लावला. "करायचं ते सगळं वर आल्यावर."