निवेदक बदला

कथा कोणाच्या डोळ्यांतून सांगायची, हा लेखकाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा नैतिक निर्णय असतो, असं आमच्या मंगळवारच्या लेखन गटाचे प्रमुख हॅल्व्हर सांगतात. हॅल्व्हर बत्तीस वर्षं मिनेसोटात घरोघरच्या शौचखड्ड्यांची तपासणी करत होते.

डुलुथच्या वाचनालयाच्या तळघरात आम्ही जमतो. नियम तीन. ज्याची कथा, त्याने चर्चेत तोंड उघडायचं नाही. तो शेजारी बसलेला असला तरी त्याला ‘लेखक’ म्हणायचं. आणि पाळी नसताना कोणी कोणाला काही वाचायला द्यायचं नाही.

माझ्या शेजारी चार वर्षं वर्ना बसायची. एप्रिलअखेर ती लेकीकडे, दूर दक्षिणेत ट्यूसॉनला कायमची जाणार होती. मार्चमध्ये माझी पाळी आली. मी कथा नेली: एक बाई घर आवरतेय, शेजारचा दंतवैद्य तिला खोकी बांधू लागतोय. सगळं बाईच्या नजरेतून. ‘थांब’ असं त्याने म्हणावं, म्हणून ती मनात झुरतेय. त्याच्याही मनात तेच आहे, हे तिला ठाऊक आहे.

मी निवृत्त दंतवैद्य आहे. हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

“त्याच्या मनातलं हिला कसं कळतं?” हॅल्व्हर म्हणाले. “दृष्टिकोन गळतोय.”

“कळतं हो,” समोर बसलेली मार्लिस म्हणाली. “पुरुषांच्या मनात असतं तरी किती?”

वर्ना कागदाकडे बघत बोलली. “लेखक बाईच्या पदराआड लपलेत. तिला काय वाटतं, ते परस्पर ठरवून मोकळे झालेत. त्यापेक्षा त्या माणसाला ‘मी’ म्हणून बोलू द्या. त्याने सरळ विचारलं तर ती काय म्हणेल, ते मला वाचायचंय.”

चर्चेनंतर लेखकाला एक प्रश्न विचारता येतो. मी शीर्षकाबद्दल विचारलं.

बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना वर्ना म्हणाली, “मग, ऑरिन? बदलणार निवेदक?”

“पुढच्या पाळीला आणतो.”

“कधी आहे तुझी पाळी?”

“सहा मे.”

“बरं,” ती म्हणाली आणि गटासाठी आणलेल्यांतून उरलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला.

नवा खर्डा तीन दिवसांत झाला. ‘मी’ने सुरू होणारी एकवीस वाक्यं होती. अठ्ठावीस एप्रिलला मी तिची खोकी बांधायला गेलो, तेव्हा तो कोटाच्या आतल्या खिशात होता. चिकटपट्टी दोनदा संपली. दोन्ही वेळा तिने विचारलं, “आणखी काही?” मी म्हणालो, “कात्री.”

सहा मेला मी कथा वाचली. वर्नाच्या खुर्चीवर मार्लिसने पर्स ठेवली होती.

हॅल्व्हर म्हणाले, आता आवाज सापडलाय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. फक्त ती बाई कुठेच काही बोलत नाही, तेव्हा तिला काढून टाकलं तरी चालेल, असं एकमताने ठरलं.