फाट्यावर न आलेली बस

मधुवंतीनं बाबांना शब्द दिला होता, दिवेलागणीच्या आत निगडीत घरी. शब्द मोडला तर मोठ्यांशिवाय फिरणं बारावीपर्यंत बंद. बँकेत नोकरीला असलेल्या बाबांनी, मधुसूदनरावांनी, पाण्याची बाटली, चार्जर, परतीची बस, सगळं दोनदा विचारून मगच मान हलवली होती. आईनं तर तीही हलवली नव्हती.

परतीची बस मैत्रिणीच्या, मिनलच्या भरवशावर. चाकणच्या पुढं तिच्या मामाचं गाव. संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावरून जाते आणि गावकऱ्यांनाही चाकणपर्यंत नेते, हे तिनं कितीतरी रविवारी पाहिलेलं.

दिवस तर असा गेला की विचारू नका! भैरोबाची देवराई झाली, नदीतल्या रांजणखळग्यांत पाय सोडून बसणं झालं, कस्तुरामामींचं पिठलं दोनदा वाढून झालं. टेकडीवर उभी राहून मधुवंती म्हणाली होती, "आता मी कुठंही जाऊ शकते."

आणि आता दोघी फाट्यावर उभ्या. ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेलं, तरी बसचा पत्ता नाही.

"येईल गं," मिनल म्हणाली.

"हे तू मघापासून म्हणतीयेस."

"मग काय, ओढून आणू?"

गावातले धोंडीबा शेळ्या हाकत आले. "कुनाची वाट बघताय, पोरींनो?"

"कंपनीच्या बसची, आजोबा."

"आज गुरवार न्हाई का? कंपनीची सुट्टी गुरवारची, रविवारची न्हाई. बस कुठली यायची?"

शाळेला मधेच सुट्टी मिळाली म्हणून त्या आज निघाल्या. कंपनीची सुट्टी कुणाच्या डोक्यातच नव्हती.

तेवढ्यात कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर अनोळखी. "चाकणला सोडतो, बसा."

वेळेत पोचता आलं असतं. बाबांना कळलंही नसतं. मिनलनं पाय उचलला, तशी मधुवंतीनं तिची सॅक मागं ओढली. टेम्पो निघून गेला.

तिनं फोन लावला.

"बाबा, बस नाहीये. आज गुरुवार. कंपनी बंद असते, आम्ही बघितलंच नाही. उशीर होणार."

पलीकडं टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. टेम्पोत बसायला हवं होतं का?

"दर गुरुवारी कंपनीवाल्यांची रांग लागते माझ्या बँकेत," बाबा म्हणाले. "आणि मी सगळं विचारलं, वार सोडून. मामींकडं जाऊन थांबा, मी निघतो. पुढच्या वेळी आधी कॅलेंडर बघायचं."

पुढच्या वेळी! मधुवंतीनं श्वास सोडला, पण अर्धाच.

"आणि आई?"

"तिला तूच सांग. घे, शेजारीच उभी आहे."