संथ भागातला सूर

निवृत्तीनंतर मुलुंडच्या नंदकिशोरचं आणि त्याच्या बायकोचं, जयंतीचं, एकाच व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या व्हायोलिनच्या रचनेच्या, दोन वेगवेगळ्या वादकांच्या सीडींवरून कायम वाजायचं. त्याच्या आवडत्या सीडीत व्हायोलिन झपाट्याने, खणखणीत वाजे. तिच्या सीडीतला वादक मधल्या संथ भागात इतका हळू जाई की नंदकिशोर म्हणे, "झोपला बघ हा."

गेल्या आठवड्यात पवईच्या डॉक्टरांनी त्याला कानाचं यंत्र दिलं. घरी येताच त्याने आधी आपली सीडी ऐकली आणि खूश झाला. मग तिची लावली. संथ भागात ऑर्केस्ट्रा थांबला, आणि जिथे त्याला आजवर नुसती शांतता वाटायची तिथे एक बारीक सूर चालूच होता.

"जयंती, हा इथे वाजवतोय गं."

"मग मी इतकी वर्षं काय सांगतेय?"

"मला वाटायचं, तू उगाच त्याची बाजू घेतेस."

जयंती हसून शेजारी येऊन बसली. सीडी संपल्यावर तो म्हणाला, "वेगात माझाच बरा. पण हा भाग तुझ्या वादकाचाच."

मग त्याने माळ्यावरून पियानो कॉन्चेर्टोंचा खोका काढला. त्यांच्यावरूनही दोघांचे जुने वाद होते, आणि आता ते सगळे नव्याने घालता येणार होते.